वाटी भरलेली, मांजर उपाशी

आमच्या राहुरीकडे गाय आजारी पडली हे डॉक्टरांच्या आधी बादलीला कळतं. सकाळी आठ लिटर देणारी गाय पाचावर आली की धार काढणारा माणूस उठून आधी गव्हाणीत बघतो. रात्री टाकलेला घास तसाच पडलेला, गाय रवंथ करीना, कान गार. लगेच फोन जातो आणि दहाच्या आत डॉक्टरांची मोटारसायकल दारात लागते. दुपारपर्यंत सगळ्या वस्तीला माहीत झालेलं असतं की अमक्याच्या गाईनं वैरण सोडली.

त्याच गोठ्यात, पेंडीच्या पोत्यांवर, एक मांजर बसलेलं असतं. त्यानं परवापासून काही खाल्लेलं नाही. कोणाच्या गावीही नाही. संध्याकाळी बशीत ओतलेलं दूध सकाळी संपलेलं दिसतं, पण ते कुत्र्यानं चाटलं की दुसऱ्या बोक्यानं, कोण बघतो? विचारलं तर उत्तर ठरलेलं: "खाल्ला आसंल कुठं तरी उंदीर."

मांजराला बादली नाही, ही सगळी अडचण. ते दूध देत नाही, अंडी देत नाही, त्याच्या नावानं डेअरीत खातं नाही. सरकारदरबारीही तेच. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत गाई-म्हशींपासून उंट-गाढवांपर्यंत सगळे मोजले, कुत्री मोजली, ससे मोजले, हत्तीसुद्धा मोजले. मांजराला रकानाच नव्हता.

म्हणून या नगर जिल्ह्यातल्या माणसांचा मांजरावर जीव नाही असं मात्र कोणी म्हणू नये. ९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात वापरात नसलेल्या, शेणाच्या स्लरीनं भरलेल्या विहिरीत मांजर पडलं. त्याला काढायला एक माणूस उतरला. तो वर येईना म्हणून त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. पाच माणसं गेली. शेणखताच्या खड्ड्यात साठणारा वायू दोन-चार श्वासांत माणसाची शुद्ध घालवतो, आणि वर उभ्या असलेल्याला तो दिसत नाही. मायेची कमतरता इथे नाहीच. कुठे थांबायचं आणि कुठे धावायचं, हे कळण्याची आहे. विहिरीच्या काठावर थांबायला हवं. भरलेल्या वाटीसमोर तोंड फिरवून बसलेल्या मांजरापाशी मात्र घाई करायला हवी, आणि नेमकं तिथेच आपण "बघू उद्या" म्हणतो.

मीही म्हटलं होतं. आमची ठकी पाच किलोच्या वरची, नसबंदी झालेली, सायीवर पोसलेली मांजरी. घरात लग्न निघालं. मांडव, बँड, पाहुण्यांची पोरं. ठकी माळ्यावर जाऊन बसली ती बसलीच. पहिला दिवस गडबडीत गेला. दुसऱ्या दिवशी "रुसली असेल" म्हटलं. तिसऱ्या दिवशी पाहुणे गेले, मी तिला खाली आणलं, समोर चिकन ठेवलं. तिनं वास घेतला, ओठ चाटले, एक घोट गिळला आणि मान वळवली. पाचव्या दिवशी सकाळी ती ओसरीवर उन्हात बसलेली असताना माझं लक्ष तिच्या कानाकडे गेलं. कानाच्या आतली गुलाबी कातडी हळद लावल्यासारखी पिवळी दिसत होती.

हे असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. गाईच्या पोटात शंभर-दीडशे लिटरचं कोठार असतं. तिनं एक दिवस तोंड मिटलं तरी आतला चारा आंबत राहतो, पोट चालू राहतं. कुत्रा लांडग्यांच्या वंशातला. आज पोटभर, मग चार दिवस काही नाही, अशी त्याच्या पूर्वजांची रीत. मांजर दिवसाला आठ-दहा छोटे घास खाणारं जनावर आहे. त्याच्यासाठी एक उंदीर म्हणजे एक जेवण. त्याचं यकृत प्रथिनं जाळून शरीर चालवतं आणि ही चूल त्याला मंद करता येत नाही. खायला मिळो न मिळो, ती त्याच आचेवर पेटलेली. आपण उपास केला तर आपलं शरीर काटकसर करतं. मांजराला काटकसर शिकवलेलीच नाही.

मग सरपण संपलं की अंगावरची चरबी वितळून यकृताकडे यायला लागते. ती चरबी प्रथिनांच्या वेष्टनात बांधून पुढे पाठवायची असते. पण प्रथिनंच आलेली नाहीत, तर वेष्टन कुठून आणायचं? पोती येत राहतात, गाडी सुटत नाही, गोदाम तुंबतं. तुंबलेल्या यकृतामुळे कावीळ होते, काविळीमुळे मळमळ, आणि मळमळीमुळे उरलीसुरली भूक जाते. लठ्ठ मांजरात हा फेरा दोन-तीन दिवसांच्या उपासानंतरही सुरू होऊ शकतो. जितकं गुबगुबीत मांजर तितका धोका जास्त, हे ऐकून माणसं चकित होतात. त्यांना वाटतं, अंगात साठा आहे, काढेल आठवडा. पण तो साठाच इथे वैरी होतो.

तेव्हा हिशेब असा धरावा. मोठ्या मांजरानं पूर्ण एक दिवस काहीही खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन. खातंय पण निम्म्याहून कमी, असं तीन दिवस चाललं तरी फोन. तीन-चार महिन्यांचं पिल्लू असेल तर अर्धा दिवस पुरे, आणि अंगावर पिणाऱ्या पिल्लाच्या बाबतीत काही तासांतच धावायचं.

पण आधी खात्री करून घ्या की मांजर खरंच उपाशी आहे. हे वाटतं तितकं सोपं नाही. आमच्या ओळखीचा एक बोका तीन घरांत तीन नावांनी जेवायचा आणि तिन्ही घरांत "हल्ली काहीच खात नाही" अशी काळजी चालू असायची. तेव्हा प्रथम शेजारी विचारा. मग मांजराला एका खोलीत एकटं ठेवा. मोजलेलं अन्न, पाणी, राख किंवा वाळू भरलेलं घमेलं, बस. दुसरं मांजर नाही, कुत्रा नाही, पोरं नाहीत. आता वाटीत काय उरलं आणि घमेल्यात काय पडलं, ते कोणालाही फसवणार नाही. आजारी मांजर रात्री बाहेर सोडू नये याला आणखी एक कारण आहे. आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या आहारात कुत्र्यांसोबत घरातली मांजरंही बऱ्यापैकी निघाली. दुखणारं मांजर कोपरा शोधत उसात जाऊन बसतं. तिथे त्याच्याआधी कोणीतरी बसलेलं असू शकतं.

खोलीत ठेवलं की बघत बसा. वाटीजवळ मांजर काय करतं, यावर निम्मं निदान अवलंबून असतं. लगबगीनं येतं, घास उचलतं, मान तिरकी करून चावतं आणि एकदम घास टाकून मागे सरकतं, कधी वाटीवरच फिस्कारतं, तर भूक शाबूत आहे, दुखतंय तोंड. किडलेला दात, सुजलेल्या हिरड्या, जिभेवर फोड, टाळूत अडकलेलं हाड. याउलट वास घेऊन ओठ चाटतं, पुन्हा पुन्हा गिळतं, लाळ गाळतं, कधी पंजानं जमीन खरवडून वाटी "पुरून" टाकायला बघतं, तर ती मळमळ. मूत्रपिंड, यकृत, आतडं, काहीही असू शकतं. वयस्क मांजरात मूत्रपिंडाची शंका आधी घ्यावी, आणि पाणी एकाएकी जास्त पिऊ लागलं असेल तर नक्कीच. तिसरा प्रकार म्हणजे वाटीपर्यंत येतच नाही, नाकाला शेंबूड, डोळ्यांत चिपडं, शिंका. त्याला वासच येत नाही, आणि वास नाही म्हणजे मांजराच्या लेखी समोर अन्नच नाही.

दुखणं लपवणं हा मांजराचा स्वभाव. लहान शिकारी जनावर स्वतःही कोणाची तरी शिकार असतं, ते कण्हत नाही. पण चेहरा बोलतो. २०१९ साली माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची मोजपट्टी प्रसिद्ध केली. कान बाजूला पडलेले, डोळे बारीक केलेले, तोंडाचा भाग ताणलेला, मिशा ताठ, डोकं खांद्यांच्या रेषेखाली गेलेलं. ही पाच चिन्हं. घरच्या माणसाला मोजपट्टी नसली तरी चालते. पोटाखाली चारही पाय घेऊन, पाठीला पोक काढून, अर्धवट मिटल्या डोळ्यांनी भिंतीकडे तोंड करून बसलेलं मांजर "ध्यान लावून" बसलेलं नसतं.

मग हिरडी बघा. गुलाबी असावी. पांढरट, पिवळी, निळसर किंवा तपकिरी म्हणजे तडक दवाखाना. पिवळेपणा दिवसाच्या उजेडात बघायचा, बल्बखाली नाही. झोपेत असताना छातीची हालचाल मोजा. मिनिटाला वीस ते तीस ठीक. तोंड उघडून धापा टाकणारं मांजर दिसलं तर हे वाचणं बाजूला ठेवा आणि निघा.

तसंच आणखी काही प्रसंगांत चोवीस तासांचा हिशेब लागू नाही. बोका घमेल्यात पुन्हा पुन्हा बसतो, कण्हतो, मागचं अंग चाटतो आणि लघवी मात्र थेंबही होत नाही. लोक याला बद्धकोष्ठ समजतात. मूत्रनलिका तुंबलेली असते, आणि दोन दिवसांत बोका जातो. पिल्लू पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसतं, पण पीत नाही, उलट्या, जुलाब, ताप. हा मांजरातला पार्व्हो. त्याचा विषाणू घरात वर्षभरसुद्धा टिकतो, ब्लीचनं फरशी पुसल्याशिवाय हटत नाही, म्हणून असं पिल्लू गेल्यावर लगेच दुसरं, लस न झालेलं पिल्लू आणू नये. जिभेखाली किंवा शेपटीखाली दोरा लोंबतोय, तर तो ओढायचा नाही. शिलाई मशीनचा असो की संक्रांतीचा मांजा, आतडं त्याच्यावर चुणीसारखं गोळा झालेलं असतं आणि ओढला की कापलं जातं. आणि पावसाळ्याच्या तोंडाशी किंवा गव्हाच्या दिवसांत शेतात उंदरांचं औषध पडलेलं असताना मांजर गळपटलं तर विषाचा संशय आधी. झिंक फॉस्फाइड काही तासांत दिसतं. ब्रोमाडिओलोनच्या वड्या खाल्लेला उंदीर पोटात गेला तर तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात, कुठून तरी रक्त येतं. याला व्हिटॅमिन के हा उतारा आहे, पण डॉक्टरांना वडीचं पाकीट दाखवलंत तरच ते वेळ न घालवता देतील.

एक अप्रिय गोष्ट सांगायलाच हवी. खाणं सोडलेलं, लाळ गाळणारं, एकाएकी अंगावर येणारं किंवा उलट विचित्रपणे लगट करणारं मांजर रेबीजचं असू शकतं. त्याच्या तोंडात बोट घालून "काय अडकलंय" बघू नका. चावलं-ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही.

यातलं काही नसेल, मांजर फक्त सुस्त आणि अरुचीचं असेल, तर पहिला दिवस घरचा. इथे जरा रेंगाळतो, कारण या कामात मजा आहे.

मांजर नाकानं जेवतं. जिभेवर स्वादकळ्या जेमतेम पाचेकशे, आपल्याकडे हजारो. गोड तर त्याला कळतच नाही. गोडाची चव ओळखणाऱ्या जनुकांपैकी एक मांजरकुळात मोडकं आहे, हे २००५ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं. वाघाचंही तेच. म्हणजे तुमचा पेढा मांजर खात असेल तर तो खव्यासाठी, साखरेसाठी नव्हे. भूक मेलेल्या मांजराला गुळाचं पाणी पाजून काही साधत नाही. साधायचं ते वासानं. आणि वास उठतो उष्णतेनं. फ्रिजमधलं चिकन तसंच समोर ठेवणं म्हणजे त्याला दगड वाढणं. ताज्या उंदराचं अंग ३७ अंशांच्या आसपास असतं, मांजराच्या मेंदूत अन्नाचं तापमान म्हणजे ते. मनगटाच्या आतल्या बाजूला लावलं तर कोमट लागेल इतपत गरम करा, त्याहून जास्त नको.

काय द्यावं? हाडं काढलेलं चिकन नुसत्या पाण्यात शिजवा. मीठ नाही, मसाला नाही, आणि कांदा-लसूण तर अजिबात नाही. कांद्या-लसणानं मांजराच्या रक्तपेशी फुटतात, म्हणून कालवणातला तुकडा धुऊन देणं हाही उपाय नव्हे. शिजवलेल्याचं पाणी टाकू नका, त्याचीच खरी लालूच. उकडलेल्या अंड्याचा बलक त्या पाण्यात कालवला तर बरीच मांजरं चाटतात. मासे शिजवूनच. कच्च्या माशांपैकी काहींत बी-१ जीवनसत्त्व नासवणारा घटक असतो. आठवडे बाजारातल्या सुकटवालीकडचा एक बोंबील मात्र हुकमाचं पान. खारट असतो म्हणून तो खायला द्यायचा नाही. दोनदा पाण्यात भिजवून, चुरगाळून, चिमूटभर वरून भुरभुरायचा. आमच्याकडे मुळा धरणाचे मासे मिळतात, पण वासात बोंबलाची सर कशालाच नाही. शाकाहारी घरांत हा प्रसंग अवघड, हे मला माहीत आहे. नगरमधल्या एका घरात आजींनी अंगणातल्या मांजरासाठी वेगळी चूल मांडलेली मी पाहिली आहे. तेही जमत नसेल तर मांजराचं पाकीटबंद ओलं अन्न आता तालुक्याच्या गावातही मिळतं.

दुधाबद्दल इथेच बोलून घेऊ. मांजर आणि दूध ही आपल्या भाषेनं घट्ट लावून दिलेली जोडी. डोळे मिटून पिणं, शिंकं तुटणं, सगळं त्याच्याच भोवती. पण बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, आणि जुलाब लागलेल्या उपाशी मांजराला दूध देणं म्हणजे आगीत तेल. मग खेड्यातली मांजरं दूध-भाकरीवर पिढ्यान्‌पिढ्या जगली कशी? ती दूध-भाकरीवर जगलीच नाहीत. ती उंदरांवर जगली, भाकरी वरखर्चाला. मांजराला टॉरीन नावाचं द्रव्य मांसातूनच मिळवावं लागतं. ते नसेल तर डोळ्याचा पडदा झिजतो, हृदय फुगतं. टॉरीन आणि हृदयाचा हा संबंध कॅलिफोर्नियात १९८७ साली उघड झाला. उंदरात टॉरीन भरपूर. गोठ्यातली मनी म्हणून टिकली, आणि नगर-सावेडीतल्या तिसऱ्या मजल्यावर नुसत्या दूध-पोळीवर ठेवलेली मनी टिकत नाही.

वाटी खोल नको, पसरट बशी बरी. चमचाभरच वाढा. वीस मिनिटांनी उचला, दोन तासांनी ताजं ठेवा. दिवसभर समोर पडलेलं अन्न भूक वाढवत नाही, मारतं. नाक चोंदलेलं असेल तर बाथरूममध्ये गरम पाणी सोडून दार लावा आणि मांजराला घेऊन दहा मिनिटं बसा. पाण्यात नीलगिरी, कापूर, बाम काही घालू नका, ते मांजराला विष. ओल्या कापसानं नाक पुसा आणि मग वाढा.

आणि वाढून झालं की बाजूला व्हा. हे सगळ्यात अवघड. घरातली चार माणसं गोल करून "खा गं, खा ना" करत बसतात, तेव्हा मांजर खात नाही ते आजारामुळे की आपल्यामुळे, तेच कळेनासं होतं. नगरच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ कैदेत असताना मौलाना आझादांनी खोलीतल्या चिमण्यांशी दोस्ती केली, ती 'गुबार-ए-खातिर'मध्ये त्यांनी लिहून ठेवली आहे. आधी त्या घरट्याचा कचरा पाडतात म्हणून त्यांच्याशी लढाई, मग हार मानून तह. तांदळाचे दाणे टाकायचे आणि दगडासारखं निश्चल बसायचं. दाणे रोज थोडे जवळ. शेवटी चिमण्या हातापर्यंत आल्या. मांजर चिमणीपेक्षा मानी असतं, पण युक्ती तीच.

जबरदस्तीचं काय होतं, ते आपल्याला तेनालीरामानं कधीच सांगून ठेवलंय. राजानं प्रत्येक दरबाऱ्याला एक मांजर आणि तिच्या दुधासाठी एक गाय दिली. तेनालीरामानं पहिल्याच दिवशी कढत दूध पुढे केलं, मांजराचं तोंड पोळलं, त्यानंतर ते दूध दिसलं की पळायचं. दूध तेनालीरामाच्या घरच्यांना. गोष्ट हसायची, पण त्यामागचं शास्त्र पक्कं आहे. मळमळत असताना जे अन्न तोंडात कोंबलं जातं, त्या अन्नाचाच मांजर धसका घेतं आणि बरं झाल्यावरही त्याला शिवत नाही. म्हणून सिरिंजनं भरवायचं असेल तर डॉक्टरांनी सांगितल्यावरच, सुई काढलेल्या सिरिंजनं, सुळ्याच्या मागे गालाच्या बाजूनं, एकेक मिलिलिटर, मान वर न करता, गिळलं की पुढचा. उलट्या होणाऱ्या, धाप लागलेल्या किंवा ग्लानीतल्या मांजराला कधीच नाही. ते अन्न फुप्फुसात जातं. माझं मत विचाराल तर दोन वेळा प्रयत्न करून मांजर थुंकतंय असं दिसलं की सिरिंज ठेवून द्यावी. तिसऱ्यांदा आपण भरवत नसतो, भांडत असतो.

घरच्या औषधांनी मेलेली मांजरं आजारानं मेलेल्यांच्या खात्यात लिहिली जातात, म्हणून हे नीट वाचा. "ताप आला असंल, पाव गोळी देऊ." पॅरासिटॅमॉलच्या पाचशेच्या गोळीचा चतुर्थांश म्हणजे १२५ मिलिग्रॅम, आणि तीन किलोच्या मांजराला विषबाधा व्हायला तेवढं पुष्कळ झालं. ते औषध मोडून बाहेर टाकण्याची सोय मांजराच्या यकृतात नाही. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं, रक्त प्राणवायू वाहीनासं होतं. चुकून दिलीच तर लपवू नका, डॉक्टरांकडे उतारा आहे, पण तासांचा खेळ आहे. दुसरं, गोठ्यातलं गोचिडाचं औषध. गाईवर फवारायचं डेल्टामेथ्रिन उरलं म्हणून पिसवांसाठी मांजराला लावतात. मांजर थरथरतं, झटके येतात, आणि खाणं सोडल्याचं पुढे सांगितलं जातं. तिसरं, पोट साफ व्हावं म्हणून एरंडेल किंवा तूप ओतणं. तेल इतकं निसरडं की ठसका न लागताच ते श्वासनलिकेत उतरतं.

डॉक्टरांकडे न्यायचं कसं, हा प्रश्न पिशवीनं सुटत नाही. मोटारसायकलवर पिशवी फाटून मांजर महामार्गावर उडी मारतं. संगमनेर-पारनेरकडे घरोघर टोमॅटोचे क्रेट पडलेले असतात. एक खाली, एक वर पालथा, चारही कोपऱ्यांना सुतळी, आत जुनं पोतं, वरून चादर. याहून चांगला पिंजरा विकत मिळत नाही. सोबत उलटीचा फोटो, घमेल्यातला नमुना, आणि एक कागद: शेवटचं नीट कधी खाल्लं, पाणी, लघवी, शी, उलट्या, लस, घरात कोणतं औषध पडलेलं. वजनासाठी डेअरीच्या काट्यावर क्रेटसकट ठेवलं तरी चालतं. सरकारी फिरत्या पथकाचा क्रमांक १९६२ आहे. ते पथक प्रामुख्यानं गुराढोरांचं, पण जवळ कोण मांजर बघतं हे तिथून कळू शकतं. काही डॉक्टर "मांजराला काय करायचं" म्हणून टोलवतात. वाईट वाटून घेऊ नका, दुसऱ्याकडे जा.

तिथे रक्त तपासतील, सलाइन लावतील, उलटी थांबवायचं इंजेक्शन देतील. भूक वाढवणारी औषधं आहेत. मिर्टाझापीन हे माणसांच्या नैराश्यावरचं औषध, मांजराला भूक लावतं म्हणून त्याचं कानाच्या आत चोळायचं मलम अमेरिकेत २०१८ साली मंजूर झालं. पण त्याची मात्रा डॉक्टरच ठरवणार, आणि मूळ दुखणं शोधल्याशिवाय नुसती भूक पेटवण्यात अर्थ नाही.

ठकीला औषधांनी भागलं नाही. डॉक्टरांनी मानेच्या डाव्या बाजूनं अन्ननलिकेत नळी बसवली. मी हादरलो होतो. एवढ्याशा मानेला भोक! डॉक्टर म्हणाले, "हिचं औषध म्हणजे अन्न. ते जाईल तिथून घालायचं." हिशेब त्यांनी कागदावर मांडला. चार किलोच्या मांजराला बसून राहायलाच दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात. ठकीचं वजन जास्त, पण हिशेब तिच्या योग्य वजनाचा धरायचा. पहिल्या दिवशी त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाइतकंच, कारण उपाशी शरीरावर एकदम पूर्ण जेवण ओतलं तर रक्तातले क्षार कोसळतात. मग चढवत चढवत चौथ्या दिवशी पूर्ण.

पाच आठवडे आमच्या मिक्सरमध्ये चटणी झाली नाही. डॉक्टरांनी दिलेलं पाकिटातलं अन्न आणि कोमट पाणी फिरवायचं, चहाच्या गाळणीनं गाळायचं, चाळीस मिलिलिटर, दिवसातून पाच वेळा. आधी नळीतून पाच मिलिलिटर पाणी, मग अन्न दहा मिनिटं लावून, मग पुन्हा पाणी. घाई केली की ती ओठ चाटायला लागायची, म्हणजे थांबायचं. रात्री अकराचा डोस माझ्या आईकडे. तिनं आयुष्यभर गाईंना नळानं औषधं पाजलेली, तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर. प्रत्येक वेळी बशीत चमचाभर चिकन ठेवून आम्ही उठून जायचो. तेविसाव्या दिवशी बशी रिकामी मिळाली. आईनं आधी कुत्र्यावर संशय घेतला. कुत्रा बाहेर बांधलेला होता.

ठकी त्यानंतर सहा वर्षं जगली. काविळीनंतर नळी बसेपर्यंत आमचा आणखी दीड दिवस गेला होता, कारण मांजर बघणारा डॉक्टर कुठे आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. तुमचं मांजर आज व्यवस्थित जेवतंय ना? मग आजच तो नंबर शोधा, आणि ज्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिता त्याच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.